कर्जाच्या वहीतलं कारण

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी खुरपणीहून येऊन आत्ताच टेकला असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

आज मी भ्रष्टाचारावर बोलणार आहे. हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, हा टीव्हीवरचा विषय. मंत्री, मुंबई, दिल्ली, कोटींचे आकडे. त्यात आपलं काय? मलाही तसंच वाटायचं. पण माझी आणि त्याची खरी गाठ पडली ती बचत गटाच्या कर्जाच्या वहीत. तीच हकिकत आधी सांगते.

मी ज्या गटांचं काम बघते, त्यातल्या एका गटात बाराजणी आहेत. महिन्याला प्रत्येकीची १०० रुपये बचत. गावाचं नाव मी सांगणार नाही, बायकांचीही नाही. का, ते पुढं कळेल. त्या गटात एक मावशी आहेत. नवरा वारलेला, पोटापाण्याला मजुरी. त्यांना घरकुल मंजूर झालं. आम्हाला सगळ्यांना आनंद झाला. थोड्या दिवसांनी मावशींनी गटातून ५,००० रुपये कर्ज घेतलं. वहीत कारणाचा रकाना असतो. त्यात 'घरकाम' असं मीच माझ्या हातानं लिहिलं.

तीन हप्ते आले. चौथा चुकला, पाचवाही चुकला. हप्ता चुकला की बैठकीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एकीनं विचारलंच, "मावशी, घर तर अजून जोत्यावरच आहे, मग पाच हजारांचं केलं काय?" मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग खाली बघून म्हणाल्या, "फोटोवाल्याला दिले."

ज्यांच्या घरी घरकुल आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीच्या भागात घरामागं १,२०,००० रुपये मिळतात. ते एकदम मिळत नाहीत, हप्त्याहप्त्यानं थेट बँकेच्या खात्यात येतात. काम कुठवर आलं याचा मोबाईलवर फोटो काढतात, त्यात जागेची खूण आपोआप नोंदली जाते, आणि तो फोटो वर गेला की पुढचा हप्ता सुटतो. ही पद्धत आली ती भ्रष्टाचार कमी व्हावा म्हणूनच. १९८५ साली पंतप्रधान राजीव गांधींनी स्वतः कबूल केलं होतं की, सरकारनं खर्च केलेल्या रुपयातले जेमतेम १५ पैसे गरिबापर्यंत पोचतात. मधले हात काढायचे म्हणून पुढं पैसे थेट खात्यात यायला लागले. चांगलंच झालं. पण फोटो काढायला माणूसच यावा लागतो ना? जोतं तयार होऊन दोन महिने झाले, तरी मावशींकडं कुणी फिरकलं नाही. मग निरोप आला, "फोटोचं काहीतरी बघा." मावशींनी बघितलं. आपल्या गटाच्या पैशातून बघितलं.

त्या दिवशी बैठक संपल्यावर मी वही घेऊन बसले. मागची पानं उलटली. 'घरकाम', 'घरदुरुस्ती', 'घराचे साहित्य' अशी आणखी तीन कर्जं निघाली, आणि तिघींनाही घरकुल मंजूर झालेलं होतं. एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. तिघींचं उत्तर एकच. चौघींचे मिळून २०,००० रुपये. बाराजणींच्या १०० रुपयांप्रमाणं ही जवळपास सतरा महिन्यांची बचत होते. म्हणजे आम्ही सतरा महिने पोटाला चिमटा काढून जमवलं, ते लाच म्हणून दिलं, आणि वर त्याच बायकांकडून महिन्याला दोन टक्के व्याज घेत होतो. वही मात्र चोख. नोंदी नियमित, सह्या बरोबर. मला माझ्याच अक्षराची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या तावातावानं म्हणाल्या, तक्रार करू. मी म्हटलं, आधी चौकशी करते. आणि चौकशी केल्यावर मला जे कळलं, ते मी बी. ए. होऊनही मला माहीत नव्हतं. लाच घेणं गुन्हा आहे हे आपल्याला माहीत असतं. पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली बदल झाला, तेव्हापासून लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. कुणाला जबरदस्तीनं द्यावी लागली तर सूट आहे, पण दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांकडं किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडं कळवायला हवं. सात दिवस उलटले की ते संरक्षण राहत नाही. मावशींना पैसे देऊन पाच महिने झाले होते.

हे मी गटात सांगितलं तेव्हा एक वहिनी म्हणाली, "म्हणजे ताई, आम्हीच चोर?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

बदल करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. मोठमोठे ठेकेदार पाकिटं देतात आणि नामानिराळे राहतात, त्यांनाही धरता यावं, हे योग्यच आहे. पण ठेकेदाराला लागू होणारा नियम मावशींनाही लागू होतो. ठेकेदाराच्या शेजारी वकील असतो. मावशींना सात दिवसांची मुदत आहे हे कळायलाच पाच महिने लागले. देणारी घाबरून गप्प बसली की घेणारा मोकळा. सुधारणा कागदावर किती चांगली दिसते आणि गावात पोचेपर्यंत तिचं काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मध्येच सांगून टाकते, नंतर विसरायला नको. कुणी पैसे मागितले तर देण्याच्या आधी सांगा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन नंबर आहे १०६४. एक, शून्य, सहा, चार. पैसे लागत नाहीत. ते आधी मागणी खरी आहे का ते साक्षीदारांसमोर पडताळतात आणि मग सापळा लावतात. नोटांना पावडर लावलेली असते. ती घेणाऱ्याच्या हाताला लागते आणि तपासणीत दिसते. सापळ्यात दिलेले पैसे तक्रारदाराला परत मिळण्याची सोय आहे. आधी सांगणारीला कायदा गुन्हेगार धरत नाही. दिल्यावर सांगायचं असेल, तर सात दिवस.

आता आमच्यापुढं प्रश्न होता, पैसे देऊन बसलेल्या चौघींना पुढं न करता हे उघडं कसं करायचं? तेव्हा मला प्रशिक्षणात ऐकलेली राजस्थानची गोष्ट आठवली.

राजस्थानात राजसमंद जिल्ह्यात देवडूंगरी नावाचं छोटं गाव आहे. तिथं एका साध्या मातीच्या घरात अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह ही मंडळी राहायला गेली. अरुणाताई आधी आय. ए. एस. अधिकारी होत्या, ती नोकरी त्यांनी सोडली. १ मे १९९० रोजी तिथल्या मजूर-शेतकऱ्यांबरोबर त्यांनी मजदूर किसान शक्ती संघटन सुरू केलं. भांडण मजुरीचं होतं. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची आणि हातात पडायचे ठरल्यापेक्षा कमी पैसे. विचारलं की उत्तर मिळायचं, "तुमचं काम मापात कमी भरलं." मग दाखवा की माप. तर म्हणे, हजेरीपट आणि मापाची वही सरकारी गुपित आहे.

शेवटी काही कागद हाती लागले. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात पहिली जनसुनावणी झाली. जनसुनावणी म्हणजे काय, तर गाव जमवायचं आणि कागदावर जे लिहिलंय ते ज्यांच्या नावानं लिहिलंय त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचं. या आणि पुढच्या सुनावण्यांमध्ये एकेक नाव वाचलं जाऊ लागलं तसे लोक उठायला लागले. मी तर त्या कामावर कधी गेलेच नव्हते. हा तर तेव्हा गावातच नव्हता. हा तर मेलेला आहे. कागद कपाटात होते तोवर सगळं बरोबर होतं. ते वाचून दाखवल्यावर खोटं उघडं पडलं. पुढं काही सरपंचांनी सुनावणीत पैसेही परत केले.

पण लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. कागद दाखवायला ग्रामसेवकांनी विरोध केला. लोकांना कागदांच्या नकला मिळतील असं मुख्यमंत्र्यांनी १९९५ साली विधानसभेत जाहीर केलं, आणि वर्षभर काहीच हललं नाही. म्हणून १९९६ साली ब्यावर शहरात बायाबापड्या चाळीस दिवस धरणं धरून बसल्या. घोषणा होती, 'हमारा पैसा, हमारा हिसाब'. त्यांच्यातली सुशीला नावाची बाई फारशी शिकलेली नव्हती. दिल्लीत तिला विचारलं, तुला माहितीचा अधिकार कशाला हवा? ती म्हणाली त्याचा अर्थ असा, की मी मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवते तेव्हा परत आल्यावर हिशोब विचारते. सरकार माझ्या नावावर लाखो खर्च करतं, मग त्याचा हिशोब मी विचारायचा नाही?

राजस्थानचा कायदा २००० साली आला. आपल्या महाराष्ट्राचा २००२ चा, पण तो लागू करून घ्यायला अण्णा हजारे यांना ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसावं लागलं. सगळ्या देशाचा माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. कायदा मागायला एक लढा आणि मिळालेला कायदा चालवायला दुसरा.

मैत्रिणींनो, ही गोष्ट ऐकताना माझ्या मनात आलं, हे तर आपण दर महिन्याला करतो! आपल्या गटाची शिस्तच ती आहे. बैठक संपताना हिशोब वाचायचा. किती जमा, किती वाटप, कुणाचा हप्ता चुकला. जिला लिहिता-वाचता येत नाही तिनंही ऐकायचं आणि मगच अंगठा द्यायचा. दहा रुपये कमी भरले तरी आपण सोडत नाही. मग ग्रामपंचायतीत लाखांनी येतं त्याचा हिशोब ऐकायला आपण का जात नाही?

तर आम्ही असं ठरवलं. ज्या आठजणींनी काही दिलं नव्हतं, त्यांनी माहितीचे अर्ज करायचे. चौघींची नावं कुठंच घ्यायची नाहीत. गावातल्या सगळ्याच घरकुलांची माहिती मागायची. मंजुरीची तारीख, प्रत्येक फोटोची तारीख, प्रत्येक हप्त्याची तारीख. माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. अर्ज गटाच्या नावानं न करता प्रत्येकीनं आपापल्या नावानं केला, कारण हा नागरिकाचा हक्क आहे. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांत मजकूर, असा नियम आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाही, फक्त पुराव्याची प्रत जोडायची. आणि पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.

अर्ज दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी एकीच्या मालकांना टपरीवर गाठून कुणीतरी गोड बोललं, "वहिनींना सांगा, पुढच्या यादीत तुमचं नाव आहे, कशाला भानगडीत पडता?" दुसरीच्या दिराला जरा कडू बोललं गेलं. दोघींनी माघार घेतली. आम्ही त्यांना एका शब्दानं बोललो नाही. ज्या घरात राहायचं त्या घराचा दबाव काय असतो, ते आपण सगळ्या जाणतो. सहा अर्ज राहिले. एकच असता, तर शून्य राहिला असता.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं, आलं नाही. आम्ही पहिलं अपील केलं. सुनावणीला सहाजणी एकाच जीपमधून गेलो, शेंगदाण्याची चटणी-भाकरी बांधून. कागद मिळाले, आणि मुदत उलटून गेल्यामुळं फुकट द्यावे लागले. हेही नशिबानंच म्हणायचं. कारण पहिल्या अपिलात काम झालं नाही, तर राज्य माहिती आयोगाकडं जावं लागतं आणि तिथं अलीकडच्या वर्षांत लाखाच्या घरात प्रकरणं पडून आहेत. माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड कायद्यात आहे. पण आपला नंबर लागायलाच वर्षं जात असतील, तर त्या दंडाची भीती कुणाला वाटणार?

मग आली महिला ग्रामसभा. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. एरवी ती रजिस्टरवरच होते, सह्या घरोघर फिरून घेतात. या वेळी आम्ही खरोखर गेलो, साठएक बायका. आणि यादी वाचायला सुरुवात केली.

आता बघा हं. कागदावर फक्त फोटोची तारीख होती. जोतं कधी पुरं झालं ही तारीख कागदावर नव्हती. पण ती बायकांना तोंडपाठ होती. "माझं जोतं पोळ्याच्या आधी झालं." "आमचं गौरी बसल्या त्या आठवड्यात." "माझ्या भिंती सोयाबीन काढायच्या आधी उभ्या होत्या." कागदावरची तारीख आणि बाईची आठवण शेजारी शेजारी ठेवली, आणि न बोलता सगळं समजलं. कुणाचा फोटो चार दिवसांत, कुणाचा तीन महिन्यांनी. कुणी किती दिले हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच राहिली नाही.

आणि एक नाव असं वाचलं गेलं, ज्याच्यापुढं 'घर पूर्ण' असं होतं. सभेत हसू फुटलं. कारण त्या जागेवर कडब्याची गंज आहे, हे जाता-येता सगळ्यांना दिसतं. ते नाव सरपंचांच्या नात्यातलं होतं.

सरपंच बाईच आहे. आपल्यातलीच, दुसऱ्या गटातली. त्या वेळी ती अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेली होती. हसू थांबलं आणि सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. मला तिचा चेहरा अजून आठवतो. सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "ताई, मला सही कुठं करायची तेवढंच सांगतात." २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. केवढी मोठी सुधारणा! पण खुर्ची बाईला मिळाली आणि पेन, शिक्का, पासवर्ड मालकांकडं राहिला, तर सही तिची, पैसा दुसऱ्याचा आणि चौकशी झाली की जबाबदारी पुन्हा तिची. ज्या कुणी सरपंच, सदस्य हे ऐकत असाल, त्यांना हात जोडून सांगते. वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीला बोलवा. आम्ही येऊ.

पुढं काय झालं, ते जसं झालं तसं सांगते, वाढवून नाही. गंजीच्या जागेवरच्या घराची चौकशी लागली, वसुलीची नोटीस निघाली. फोटोवाल्याला शिक्षा झाली नाही, त्याची बदली झाली. चौघींपैकी दोघींना रात्रीच्या वेळी पैसे परत आले, "बोभाटा करू नका" असं सांगून. दोघींना मिळाले नाहीत. मावशी त्या न मिळालेल्यांपैकी. पण त्यांचे हप्ते सुटले आणि पावसाळ्याआधी छप्पर पडलं. त्यांच्या कर्जाचं काय करायचं यावर गटात दोन बैठका वाद झाला. शेवटी व्याज सोडलं, मुद्दल सोडलं नाही. तो बाराजणींचा पैसा आहे. मावशी म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." अजून फेडतायत.

नवीन माणूस आला. सहा महिने वेळेवर यायचा. मग सर्व्हर बंद पडायला लागला आणि 'नेटचा खर्च' सुरू झाला. हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग एवढं करून मिळवलं काय? एक गोष्ट मिळाली. 'नेटचा खर्च' ज्या बाईकडं मागितला, ती पैसे द्यायच्या आधी गटात आली. आठ-दहाजणी मिळून कार्यालयात गेलो, नुसतं विचारलं, हा खर्च कुठल्या नियमात आहे ते लिहून द्या. फोटो दुसऱ्या दिवशी निघाला.

माझं सांगणं एवढंच आहे. भ्रष्टाचार थांबवायचे कायदे आपल्या देशात कमी नाहीत. ते चालत का नाहीत, हा प्रश्न आहे. वरचंच उदाहरण घ्या. मंत्री आणि अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी बघायला महाराष्ट्रात १९७२ पासून लोकायुक्त आहेत. पण त्यांच्या जुन्या कायद्यात त्यांनी शिफारस करायची आणि कारवाई सरकारनंच करायची, अशी रचना होती. केंद्रात लोकपालाचं विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं १९६८ साली, मंजूर झालं २०१३ साली, आणि पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. गैरव्यवहार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा २०१४ साली मंजूर झाला, पण लागू करण्यात आला नाही. आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात, तळेगाव दाभाडे इथं, माहितीच्या अधिकारातून जमिनीचे गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी भर सकाळी खून झाला. मी गावाचं आणि बायकांचं नाव का घेतलं नाही, ते आता लक्षात आलं असेल.

कधी सुधारणेच्या नावाखाली वहीच बंद होते. राजकीय पक्षांना मिळणारा पैसा बँकेतून यावा, रोखीचा काळाबाजार थांबावा, असं सांगून २०१८ साली निवडणूक रोखे आले. पैसा बँकेतून आला खरा, पण कुणी कुणाला दिला हे मतदाराला कळायची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि नावं जाहीर करायला लावली. आपल्या भाषेत सांगायचं तर, गटाचे पैसे बँकेत भरले, पण कर्ज कुणाला दिलं ते सचिवानं सांगायचं नाही, असं कुणी म्हटलं तर आपण चालू देऊ का?

आणि हे सगळं सुरू कुठून होतं? संक्रांतीचं हळदीकुंकू आठवा. निवडणुकीच्या वर्षी वाण जरा भारीच असतं ना? साडी, कुकर, डबे. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट. मतासाठी पैसे देणं जसा गुन्हा आहे तसा घेणंही. पण कायद्याचं सोडा, नुसता हिशोब करा. पाच वर्षांसाठी ५०० रुपये घेतले, तर महिन्याला आठ रुपये आणि काही पैसे पडतात. ज्यानं गावभर वाटले तो ते कुठून काढणार? घरकुलातून, रस्त्यातून, नळयोजनेतून. नंतर कोणत्या तोंडानं आपण हिशोब मागणार? मी कुणाला नावं ठेवत नाही. घरात तेल संपलेलं असताना ५०० रुपये नाकारणं सोपं नसतं. पण ते फुकट नसतात, एवढं लक्षात असू द्या.

आता या महिन्यात आपण काय करू शकतो ते सांगते.

पहिलं, कर्जाच्या वहीतलं कारण खरं लिहा. कुणी कर्ज मागितलं की विचारा, "कुणी पैसे मागतंय का?" रागावून नको, मायेनं विचारा. मी तेव्हा विचारलं असतं, तर मावशींचे ५,००० वाचले असते. आणि गटाच्या वहीबद्दल बोलतोच आहोत, तर आपली वहीही सगळ्यांना उघडी आहे ना, ते बघा. बँकेचं कर्ज काढून देण्यासाठी कुणी गटाकडूनच पैसे मागत असेल, तर ती सुद्धा लाचच आहे.

दुसरं, एकटीनं जाऊ नका. अर्ज एकीचा असला, तरी खिडकीवर चौघी उभ्या राहा. दाखला असो, उतारा असो. आपल्या राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत, याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. मुदतीत सेवा दिली नाही, तर अपील करता येतं आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. फलक कुठं आहे, एवढं विचारलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

तिसरं, एकदा जाऊन थांबू नका. ग्रामपंचायतीला किती पैसे आले आणि कशावर गेले, हे ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला मोबाईलवर उघडायला सांगा. दर तीन महिन्यांनी एकदा, गटाचा हिशोब वाचून झाला की गावाचाही वाचा. नाली बांधली असं लिहिलंय, तर उठून बघून या, नाली आहे का.

चौथं, महिला ग्रामसभेची सही घरी बसून देऊ नका. सही घ्यायला कुणी आलं, तर म्हणा, "सभा कधी आहे? तिथं येऊन करते."

आणि तो नंबर, १०६४. तो गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आमच्या त्या गटाची बैठक येत्या दहा तारखेला आहे. मावशींचा हप्ता आहे, आणि कडब्याच्या गंजीच्या जागेवरची वसुली झाली की नाही, तेही विचारायला जायचं आहे. नोटीस निघाली म्हणजे पैसे परत आले असं होत नाही, हे आता आम्हाला कळलंय. तुमच्या गावात असं काही घडलं असेल, तर आपल्या रेडिओला कळवा. नावं सांगू नका, काय केलंत ते सांगा. दुसऱ्या गावातल्या बायकांना ते उपयोगी पडेल.

चला, भाकरी करपायला नको. नमस्कार.